आवडलं तरी तोंडावर आणायचं नाही

घर बघायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत कशाला हात लावतो, ते मी बघत असतो. कुणी भिंत वाजवतो, कुणी नळ सोडतो. कुणी खोल्यांत डोकावायच्या आधीच गच्चीवर जातो आणि वरून दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या उसाकडे असा बघतो, जणू तोही घराबरोबर मिळणार आहे. चौदा वर्षं मी दौंडमध्ये जागांचे व्यवहार जुळवतोय. कोण घेणार आणि कोण नुसता चहा पिऊन जाणार, हे मला बहुतेक वेळा चहा यायच्या आत कळतं.

हौसरावआप्पांच्या बाबतीत कळलं नाही. दोन महिन्यांत त्यांना मी एकवीस घरं दाखवली, आणि त्यातली बरीचशी दोनदा.

आप्पा पाटसच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावरचे कारकून. बत्तीस वर्षं उसाच्या गाड्या काट्यावर चढवल्या आणि उतरवल्या. २००२च्या जुलैअखेर निवृत्त झाले. कॉलनीतलं क्वार्टर दसऱ्यापर्यंत सोडायचं होतं, कारण गळीत सुरू व्हायच्या आत ते नव्या माणसाला लागणार होतं. साहेबांनी हे खुर्चीवर बसवून, चहा देऊन सांगितलं होतं. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. केंदूरला आप्पांची वाटणी होती, पण त्यांच्या वाट्याच्या खोलीत भावांचा कांदा भरलेला असायचा, आणि कांद्याला जागा सोड म्हणण्याइतके आप्पा धीट नव्हते.

त्यांच्या पत्नी झुंबरबाई. पहिल्याच दिवशी आप्पा नळाची तोटी तपासत असताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चांगदेवभाऊ, एक करा. आमाला भाड्याच्या खोलीत जाऊ देऊ नका. एकदा का भाड्यानं गेलो की हे घर बघायचं थांबवत्यात. मला ठावं हायेत हे. मंग मी तितंच मरती."

"दसऱ्याच्या आत मिळवून देतो, वहिनी," मी म्हणालो. तेव्हा ऑगस्ट होता. ऑगस्टात माणूस काहीही म्हणतो.

आप्पांचा मुलगा पप्पू रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून सुरुवात शिरूरपासून केली. पप्पूचं घर बघणं म्हणजे मोटरसायकल स्टँडवर लावायला लागतो तेवढा वेळ. शिरूरला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो शिरला, बाल्कनीत गेला आणि तिथूनच ओरडला, "आप्पा, डन करा! हितनं हायवे दिसतोय!"

"हायवे बघायला घर घ्यायचं व्हय रं? मंग फाट्यावर हुबा राहा की, फुकट दिसतोय."

आप्पांची रीत वेगळी. ते घरमालकिणीकडे तांब्याभर पाणी मागत. बाई बिचारी पिण्याचं पाणी आणे. आप्पा ते तिच्या देखत फरशीवर ओतत आणि पाणी कुठे वाहतंय ते वाकून बघत बसत. शिरूरच्या त्या फ्लॅटमध्ये पाणी सरळ पलंगाखाली गेलं आणि तिथे गुंडाळून ठेवलेली गादी भिजली. उतार चुकीचा निघाला, म्हणून आप्पा खूश. पुन्हा त्या बिल्डिंगमध्ये मी तोंड दाखवलेलं नाही.

सून राजनंदिनी दौंडला शाळेत शिकवायची. तिच्याकडे वही. हवा, पाणी, उजेड, शेजार, शाळा असे रकाने, दहापैकी मार्क. दोन घरांना सारखे मार्क पडले की ती नवीन रकाना काढायची. सप्टेंबर लागेपर्यंत वही आडवी धरावी लागत होती.

"ताई, आता पास कोण झालं तेवढं सांगा," मी एकदा म्हणालो.

"अहो, अजून तोंडी परीक्षा राहिलीये," ती गंभीरपणे म्हणाली. तिला विनोद करायचा नव्हता.

आणि झुंबरबाई काहीच बोलायच्या नाहीत. घर बघायला म्हणून यायच्या आणि शेजारच्या बायकांशी बोलत ओट्यावर बसायच्या. निघताना विचारलं तर, "तुमचं तुमी ठरवा."

नवव्या घराला घोटाळा झाला. दौंडचंच घर. पप्पू हॉलमध्ये उभा राहून मालकासमोर मोठ्यानं "वा!" म्हणाला. मालकानं आदल्या दिवशी मला सांगितलेला भाव विसरून नवाच सांगितला. आप्पा चहा अर्धा ठेवून उठले. बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी सगळ्यांना उभं केलं. मलाही.

"काट्यावर गाडी चढली आन् ड्रायव्हर हसाया लागला, की त्याची गाडी मी परत तोलायचो. कळलं का? हसनारा मानूस पकडला जातोय. आजपास्नं घर आवडलं तरी तोंडावर आनायचं न्हाई. उलट नावं ठिवायची. पप्पू, तू संडास-बाथरूम धर. सूनबाई, तुमी हवा-उजेड. चांगदेव, तू मधी गोड बोलायचं न्हाई."

"आन् मी?" झुंबरबाई म्हणाल्या.

"तू नुसतं हूं म्हन. न्हाईतर मी खुनावलं की काय तरी बोल."

दहाव्या घरापासून ते भजनी मंडळासारखं चालू झालं. आप्पा खोकले की पप्पू बाथरूममधून, "आप्पा, हितं तर वळताबी यायचं न्हाई!" मग राजनंदिनी, "उजेडाचं काय खरं नाही हो." मग आप्पांचा लांब सुस्कारा. घरमालक मला संध्याकाळी गाठून विचारू लागले, "चांगदेव, तू गिऱ्हाईक आनलं व्हतंस का पंचनामा करायला आनलं व्हतंस?" चार जणांनी मला घर दाखवायचं बंद केलं. एकानं तर आप्पांना रस्त्यात बघून दार लावून घेतलं. आप्पांना वाटलं, भाव उतरतोय.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरूबाईंकडे नेलं. हे एकोणिसावं.

सरूबाईंचे मालक रेल्वेत फिटर. ते वारून तीन वर्षं झालेली. लेक तळेगाव ढमढेऱ्याला दिलेली, तिच्याकडे राहायला जायचं म्हणून घर विकायचं. स्टेशनमागच्या गल्लीत तीन खोल्या, पुढे पडवी, मागे धुण्याचा दगड आणि बोअर. फिटरनं सुट्टीच्या दिवशी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. दारं अशी बसवलेली की एका बोटानं लागत.

मी बघत होतो. आप्पांनी भिंत वाजवली आणि हात तिथेच ठेवला. सरूबाईंनी पाणी दिलं, तर तांब्या तोंडाला लावून ते सगळं प्यायले. फरशीवर थेंब नाही. पप्पूनं गाडी गल्लीतून पडवीत आणून लावली, न विचारता. राजनंदिनीची वही पिशवीतच. आणि झुंबरबाई पहिल्यांदाच ओट्यावर न बसता आत गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे होती. शेगडीपुढे उभं राहिलं की दारात कोण आलंय ते दिसे. त्या तिथे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत.

मी मनात म्हणालो, चांगदेव, सुटलास.

तेवढ्यात आप्पा खोकले.

पप्पू दचकला, बाथरूममध्ये गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बारीकच हाय." राजनंदिनी म्हणाली, "दुपारनंतर उजेड कमी होत असेल." सरूबाई बाजूलाच उभ्या. त्यांनी पदर सारखा केला. चहा ठेवला.

इथवर ठीक होतं. एवढं कुठल्याही घरात होतं, आणि मी संध्याकाळी जाऊन सावरून घेतलं असतं. पण परत निघताना आम्ही पाटसला माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये बसलो, पप्पूही गाडी मित्राला देऊन आमच्यातच, आणि मागून एक बाई चढल्या. साळूबाई. सरूबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहतात. मघाशी कुंपणावरून आमच्याकडे बघत होत्या. आप्पांनी त्यांना ओळखलं. डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघितलं. म्हणजे अजून काट्यावरच आहोत.

"घर काय, म्हंजी तसं ठीकच," आप्पांनी मोठ्यानं सुरू केलं. "पर रेल्वेचा धडाका. भित्ती किती दिस टिकायच्या?"

"गल्लीत पाणी तुंबत असंल पावसाळ्यात," पप्पू.

"आणि दारं जुन्या पद्धतीची," राजनंदिनी.

साळूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा कान मात्र आमच्यात होता, आणि जीपमध्ये सतरा माणसं असल्यामुळे तो फार लांबही नव्हता. आप्पांनी झुंबरबाईंना कोपर मारलं. परत मारलं.

"सैपाकघर..." झुंबरबाई म्हणाल्या. थांबल्या. तिसरं कोपर बसलं. "त्या शेगडीपुढं हुबं ऱ्हायलं तर जीव गुदमरंल मानसाचा. कशी ऱ्हायली ती बाई तितं, कुनाला ठावं."

आप्पासुद्धा चमकून बायकोकडे बघायला लागले. पप्पूनं राजनंदिनीकडे बघितलं. मी बघितलं कुठेच नाही.

पाटसच्या चौकात साळूबाई उतरून गेल्यावर खरं बोलायला कुणाची हरकत नव्हती. "मंग?" आप्पांनी विचारलं.

"आईलाच नको म्हनल्यावर..." पप्पू म्हणाला.

"आत्यांचा दिवस स्वयंपाकघरातच जायचाय. त्यांना गुदमरत असेल तर मार्क कशाला द्यायचे?" राजनंदिनी म्हणाली.

"तुमचं तुमी ठरवा," झुंबरबाई म्हणाल्या.

"आप्पा, तुम्हाला काय वाटलं ते तरी सांगा," मी म्हणालो.

"मला काय वाटायचंय? आन् उद्यापास्नं पितृपाठ लागतोय. आता कोन विसार देतंय? बघू फुडं."

वजनकाट्यावर गाडीचं वजन करून त्यातून तूट वजा करतात. पालापाचोळा, बांधायचे दोर, सगळं वजा. इथे तूट वजा करता करता ऊसच शिल्लक राहिला नाही. मी चौकात उभा राहून स्वतःशी चरफडलो आणि घरी गेलो. मीही पाटसलाच राहतो, हे माझं नशीब.

सहा दिवसांनी सकाळी झुंबरबाई एकट्याच माझ्या दारात.

"चांगदेवभाऊ, ह्यांना सांगू नका. मला सरूबाईकडं न्या."

"वहिनी, गुदमरायला?"

"टोमनं मारू नका. मला ते घर पायजे."

"मग त्या दिवशी जीपमध्ये..."

"कोपर मारत व्हते. मला येळंवर दुसरं सुचलं न्हाई. जे सगळ्यात आवडलं व्हतं तेच तोंडात आलं."

आम्ही दौंडला गेलो. घर अजून विकलं गेलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि त्याच्याच जोरावर मी निघालो होतो.

सरूबाईंनी आम्हाला आत घेतलं, चटई टाकली, पाणी दिलं. मी विषय काढला. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"घर इकायचंच हाय. पर ह्यांना न्हाई."

"बाई, माजं ऐका," झुंबरबाई म्हणाल्या. "मला लई आवडलं व्हतं. त्या खिडकीत मी हुबी व्हते, तुमी बघितलंय मला."

"बघितलं की. मला वाटलं, बाईचा जीव बसलाय हितं. रातच्याला लेकीला फोनबी केला, म्हनलं चांगली मानसं मिळाली. आन् सकाळी साळूबाई आली." सरूबाईंचा आवाज चढला नाही. "कशी ऱ्हायली ती बाई तितं, असं म्हनला न्हवं तुमी? वीस वरीस ऱ्हायले. मालक त्याच खोलीत गेलं."

"ते भाव उतरवायला बोलायचं असतंय, मला शिकवलं व्हतं..."

"मला काय कळावं? तवा खोटं बोलला का आता बोलताय?"

झुंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझा तर हा धंदाच. मी जरा वर देण्याची गोष्ट काढली. सरूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. तरी त्यांनी चहा केला. तो पिऊन आम्ही उठलो. गल्लीच्या तोंडाशी झुंबरबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "दुसरं दाखवा. कसलंबी दाखवा."

विसावं आप्पांनी पाणी ओतून नापास केलं. मग नवरात्र बसलं. पप्पूनं एका मित्राच्या ओळखीनं शिरूरला भाड्याची खोली बघून ठेवली. आप्पा म्हणाले, "तात्पुरतं जाऊ की. घाई कशाला? नीट बघून घेऊ." झुंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं. दसऱ्याला आठ दिवस होते.

कुरकुंभ रस्त्याला रविराज नावाच्या नव्या बिल्डरनं सहा घरांची ओळ बांधली होती. पाच गेलेली. सहावं कुणी घेत नव्हतं, कारण ते पिठाच्या गिरणीला चिकटून. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हात काढला तर गिरणीच्या भिंतीला लागे. रविराज टेकीला आला होता. मी रस्त्यातच आप्पांना सांगून ठेवलं, "गडी नरम आहे. थोडं ताणा. भाव खाली येईल आणि वरची टाकी तो फुकट बसवून देईल."

"तू बघच आता," आप्पा म्हणाले. त्यांनी घसा साफ करून ठेवला. पप्पूला आणि सुनेला परत एकदा सगळं सांगितलं.

रविराज दारात उभा होता. आम्ही चपला काढत होतो. झुंबरबाईंनी काढल्या नाहीत. त्या पायरीवर उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"घर छान हाय. मला आवडलं. हेच घ्यायचं."

पप्पूच्या हातात एक चप्पल तशीच राहिली.

"आगं," आप्पांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, "आत तरी जा!"

"आत गेलं की नावं ठिवावी लागत्यात. म्हनून भायेरच सांगितलं."

रविराजचा चेहरा उजळला. "काकू, तुम्हाला पारख आहे. मग असं करू, सांगितलेला भाव तोच ठेवू, टाकीचं तेवढं वेगळं धरू." माझी दोन दिवसांची घासाघीस त्यानं एका वाक्यात धुऊन टाकली.

आप्पांनी बायकोच्या दंडाला धरून तिला वाळूच्या ढिगाऱ्याआड नेलं. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, मध्ये पडावं लागेल.

"डोकं फिरलंय का तुजं? ती खिडकी बघितलीस? फुडं गिरनीची भित्त हाय!"

"रस्त्यावरनंच दिसली."

"मंग आवडलं कसं?"

"न्हाई आवडलं," झुंबरबाई म्हणाल्या. "पर न्हाई आवडलं म्हनलं की घर जातंय. दोन महिने बघतीया मी. मला शिरूरच्या खोलीत जायचं न्हाई."

"आगं, पर बरं दिसंल असं एक तरी..."

"सरूबाईचं बरं व्हतं."

आप्पांच्या हातात खोल्या मोजायची टेप होती. ती त्यांनी थोडी बाहेर ओढली, सोडली. ती कर्रकन आत गेली.

"ते मलाबी आवडलं व्हतं," ते म्हणाले.

"आवो, मंग बोलला का न्हाई?"

"तूच म्हनलीस, जीव गुदमरतोय. म्हनलं, हिला नको तर कशाला..."

"कोपर कोन मारत व्हतं?"

"मी काय ठरवून मारत व्हतो? ती बाई ऐकत व्हती म्हनून... चल. आत्ताच्या आत्ता चल. चांगदेव, रिक्षा बघ. सरूबाईकडं जाऊ, मी सोता हात जोडतो."

"मी जाऊन आले," झुंबरबाई म्हणाल्या. "चांगदेवभाऊंना घेऊन. ती देत न्हाई. आन् तिचं काय चुकत न्हाई."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. शेजारी गिरणी सुरू झाली आणि त्यापुढचं त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. झुंबरबाई एकदा रडल्यासारख्या वाटल्या, पण पीठ उडत होतं. डोळे सगळ्यांचेच चुरचुरत होते.

दारातून रविराजनं हाक मारली, "काका, आत येताय ना?"

आप्पा गेले. त्यांनी पाणी मागितलं नाही. तिन्ही खोल्या टेपनं मोजल्या, कागदावरच्या आकड्याशी ताडून बघितल्या. पाच फुटाची तूट निघाली. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, म्हणून मला कळलं. रविराजला ते काहीच बोलले नाहीत. पप्पू सवयीनं बाथरूमकडे निघाला होता, त्याला त्यांनी हातानं मागे बोलावलं.

"लिही विसारपावती," ते मला म्हणाले.

"टाकीचं काय करायचं, आप्पा? बोलून बघू का एकदा?"

आप्पांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. झुंबरबाई आत जाऊन ओट्याची उंची हातानं बघत होत्या. खिडकीकडे त्यांनी पाठ केली होती.

"वेगळं लिही," आप्पा म्हणाले, आणि पेन माझ्या हातात देऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.